निळधाराचं एक तिकीट

गोविंदा पचारेनं उभ्या आयुष्यात कुणाच्या तराजूवर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्याही नाही. बाजारात बसण्याआधी तो आपल्याच तराजूच्या रिकाम्या पारड्यांकडे असा रोखून बघायचा, की पारड्यांना तोंड असतं तर त्यांनी शपथ घेतली असती. दुकानदारानं सुटे पैसे हसून दिले तर हा ते दोनदा मोजणार, न हसता दिले तर तीनदा. डॉक्टरनं गोळ्या बदलून दिल्या की आधीच्या गोळ्यांचं काय चुकलं होतं, हे विचारल्याशिवाय तो खुर्चीवरून उठत नसे. माणूस वाईट नव्हता. पण जग आपल्याला फसवायला सकाळी लवकर उठतं, अशी त्याची पक्की खात्री होती, आणि म्हणून तो जगाच्याही आधी उठायचा.

चंद्रपूरकडच्या मूल-सिंदेवाही रस्त्यावरून आत वळलं की चिखलबोडी लागतं. गावाच्या डोक्याशी मोठा तलाव, तलावाला मातीची लांब पार, म्हणजे बांध, आणि पारीच्या पायथ्याशी ढिवरांची, मासेमारांची घरं. जाळं निघालं की याच पारीवर मासळीचे वाटे पडतात. जितकी घरं तितके ढीग. मग एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा कुठल्या तरी ढिगावर काठी टेकवतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव पुकारतो, आणि तो ढीग त्या घरचा. कुणाला रोहूचं डोकं आलं, कुणाला नुसते झिंगे आले, तरी तक्रार करायला तोंड उरत नाही.

गोविंदाला मात्र इथंही लबाडीला जागा दिसायची. काठीवाला खोकला तर का खोकला? याच ढिगावर काठी दोनदा काऊन आपटली? दर वाट्याला त्याचा काही ना काही वांधा. शेवटी कंटाळून लोकांनी त्यालाच पाठमोरा उभा करायला सुरुवात केली. आता नावं तोच पुकारायचा. आवाज दणदणीत, पारीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. नावं अर्थात घरच्या कर्त्यांची. लटारू कधीचा वारला, घर त्याची बायको चालवते, तरी वाटा पुकारला जातो तो "लटारूचा!" असाच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि ज्या गोविंदाला सगळ्यातच वावगं वाटायचं, त्यालाही नाही.

त्याची बायको कुंता त्या वाट्याची मासळी घमेल्यात भरून मूलच्या बाजारात न्यायची; तिथं तराजूशी गोविंदा बसायचा. उरलेली गल्लीगल्लीत फिरून विकायची. दिवस उजाडला की तिच्या नावाचा पुकारा सुरू. "कुंताबाई, मरळ हाय का?" "कुंताकाकू, कालचे पैसे उद्या देतो हं." "कुंते, सून बाळंतीण हाय, जरा येऊन जा." आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे घरातला आवाज. "कुंते, चुना कुठी हाय?" चुन्याची डबी वर्षानुवर्षं एकाच कोनाड्यात असायची. गोविंदाला ते ठाऊकही होतं. पण बायकोला हाक मारल्याशिवाय त्याचा हात कोनाड्याकडे वळतच नसे.

तर अशा या घरात निळधारा शिरलं.

निळधारा म्हणजे चंद्रपूरच्या वाटेवरचा पाण्याचा पार्क. लांबूनच त्याच्या निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या दिसतात. बायकांच्या बचत गटाची सहल पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा तिकीट अडीचशे होतं. उन्हाळ्याचे दिवस, चंद्रपूरचं ऊन, त्यामुळं कुणी फारसं बोललं नाही. पुढच्या वर्षी साडेतीनशे. मग पाचशे. यंदा सातशे, आणि रविवारी त्याहून जास्त. शिवाय पोहायचे कपडे भाड्यानं घ्यावे लागणार, सामान ठेवायच्या लॉकरचे वेगळे, घरचा डबा आत न्यायची बंदी. गटातल्या बायांनी एकेक करून अंग काढून घेतलं. तेवढ्यात घरचं छप्पर शाकारून होईल, असं एकीनं तोंडावर सांगितलं. सहल बारगळली.

कुंता मात्र अडून बसली. "मी जातो," ती म्हणाली. "एकटी जातो."

गोविंदाच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती साधीसुधी नाही, चांगली घोरपडीएवढी. ही बाई टोमॅटोच्या भावावरून भाजीवाल्याशी पंधरा मिनिटं भांडते. दोन पैसे वाचावे म्हणून भर उन्हात बस सोडून पायी येते. ती सातशे रुपयांचं तिकीट काढायला एका शब्दात तयार? तिथं हिचं असं आहे तरी काय?

तो थेट गटाच्या अध्यक्षीण बाईंकडे, दीपिकाकडे गेला. त्याचा पहिला संशय तिच्यावरच होता. दरवर्षी बायकांची गाडी भरून नेते, म्हणजे पार्कवाला हिला नक्कीच काहीतरी देत असणार.

"मले त्यायनं एक कप चहा बी नाई पाजला, गोविंदाभाऊ," दीपिका म्हणाली. "उलट माह्याच चपला तिथी हरपल्या. पन एक सांगू का? तुमच्या कुंताबाईचं तिकीट वसूलच होत नाई."

"काऊन?"

"ते एकाही घसरगुंडीवर चढत नाई. लाटांच्या पान्यात येत नाई. पावसाच्या नाचात येत नाई. आत गेली का दिसतच नाई. जेवाच्या टाइमाले येते, आन पुन्हा गायब."

गायब! गोविंदा घरी आला तो असा तोंड करून, की कुंतानं विचारलं, "पोट दुखते का?" रात्रभर त्यानं सगळ्या शक्यता तपासल्या. कुणी बुवाबाबा बसत असेल तिथं. कुणी चिट फंडवाला. माहेरचं कुणी चोरून भेटायला येत असेल, आणि त्या माणसाच्या हाती घरचा पैसा जात असेल. एक शक्यता त्यानं मनाच्या तोंडावर येऊ दिली नाही, पण ती दाराशी उभी होतीच. सकाळी त्यानं जाहीर केलं, "मी बी येतो."

कुंताचा चेहरा क्षणभर उतरला. ते त्यानं बरोबर टिपलं.

गेटवर पोचल्यापासून त्याचे डोळे एका जागी ठरेनात. भावाचा मोठा फलक होता. त्यावर हजाराचा आकडा लाल रेघेनं खोडून खाली सातशे लिहिले होते. "हजार कवा होते?" त्यानं खिडकीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ऑफर आहे काका. गोविंदानं मासळीबाजारातला जन्म आठवला. आपणही उद्यापासून पाटीवर भाव लिहून स्वतःच खोडावा काय, असा विचार त्याच्या मनात चमकून गेला. दोन तिकिटांचे पैसे देताना त्याच्या बोटांना नोटा सोडवेनात.

गेटवरचा राखणदार देवाजी सिंदेवाहीकडचाच निघाला. बोली ओळखून हसला, पण पिशवी उघडायला लावलीच. भाकरी आणि झिंग्याची चटणी बाहेर. तंबाखूची पुडी बाहेर.

"हे जाताना भेटन," देवाजी म्हणाला.

"मोजून ठेव," गोविंदा म्हणाला. चटणी कशी मोजायची, हे त्यानं सांगितलं नाही.

आत गेल्यावर कुंतानं कपडे बदलले, काळी ढगळ पँट आणि सदरा घालून आली, आणि गोविंदाकडे न बघता म्हणाली, "तुमी पाहा इकडचं. मी आली." आणि गेली.

त्यानं इकडचं पाहिलं. पाणी हातावर घेऊन हुंगलं. चिखलाचा वास नाही, शेवाळाचा नाही, मासळीचा तर नाहीच. दवाखान्याच्या फरशीसारखा वास. ज्या पाण्यात मासा जगत नाही त्या पाण्यात माणसं सातशे रुपये देऊन उतरतात, आणि वर किंचाळतात! लाटांच्या हौदात मोठी मोठी माणसं कमरेएवढ्या पाण्यात बुडाल्यासारखी ओरडत होती. एक वडापाव त्यानं भावासकट पाहिला आणि तिथंच सोडला. आमच्या तलावात हे सगळं फुकट आहे, असं तो शेजारी उभ्या असलेल्या एका घुग्घुसच्या माणसाला सांगायला गेला. तो माणूस म्हणाला, "खाणीत नोकरी आहे काका, तिथं धूळ फुकट आहे," आणि लाटेत शिरला.

मग त्याच्या लक्षात आलं की कुंता कुठंच नाही.

त्यानं घसरगुंड्यांखाली पाहिलं. जेवणाच्या शेडमध्ये पाहिलं. बायकांच्या खोल्यांसमोर उभा राहिला, तेव्हा तिथल्या बाईनं त्याला हाकललं. तिचा फोन लॉकरमध्ये. ऊन चढायला लागलं. संशय होताच, पण आता त्यात भीतीही मिसळली होती, आणि दोन्हींची चव त्याला एकच लागत होती. तो धावतच गेटवर गेला. देवाजीजवळ भोंग्याचा माइक होता. हरवलेल्या माणसांची नावं तिथून पुकारत.

थोड्याच वेळात साऱ्या पार्कभर घुमलं, "चिखलबोडीच्या कुंताबाई पचारे, कुंताबाई पचारे, जिथं असान तिथून गेटवर या. तुमच्या घरचे लोक वाट पाहून राह्यले. कुंताबाई पचारे!"

गाणं थांबलं होतं. हौदातली माणसं माना वळवून बघत होती. आणि कुंता आली ती निथळत, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून धावत. चेहरा पांढराफटक.

"आचलले काई झालं का?" तिनं विचारलं. आचल त्यांची लेक, घुग्घुसला दिलेली, पोटुशी होती.

तुला शोधत होतो, तुझ्यावर संशय होता, हे कसं सांगणार? तोंडातून जे रोज निघायचं तेच निघालं.

"चुना कुठी ठेवला?"

तंबाखू तर देवाजीकडे जमा होती.

कुंता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे आत गेली, साडी नेसून आली, भाड्याचे कपडे परत केले. "चला," म्हणाली. दिवस अर्धाही झाला नव्हता.

बसमध्ये त्यानं विचारलंच. "कुठी होती?"

"ते गोल नाली आहे ना हळूहळू वाहनारी, तिथी. ट्यूबवर."

"का करत होती?"

"काई नाई."

हे 'काई नाई' गोविंदाच्या घशाखाली उतरेना. पण दोन दिवस विचार करून त्यानं त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाला. बाईला ट्यूबवर बसून तरंगायचं आहे, एवढंच! आणि त्यासाठी पार्कवाला सातशे रुपये उकळतो. अरे, ढिवराच्या घरात पाण्याचा काय तोटा?

त्यानं मूलच्या पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आणली. ठिगळं तपासली, हवा भरली, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. जाळ्याच्या दिवशी बायांनी पाण्याजवळ यायचं नाही, असा गावचा रिवाज. कुंतानं जन्मभर तलावाची मासळी विकली, पण तलाव तिला माहीत होता तो घाटावर कपडे धुण्यापुरता, घोट्याएवढा. म्हणून त्यानं बिनजाळ्याचा दिवस निवडला. सकाळी तिला पारीवर घेऊन गेला, आणि ट्यूब पाण्यात लोटून म्हणाला, "बस. फुकट!"

कुंता हसली. खरंच हसली, आणि लाजत लाजत बसली. साडीचा काचा मारून, पाय वर घेऊन. गोविंदानं ट्यूब ढकलत तिला छातीएवढ्या पाण्यापर्यंत नेलं. क्षणभर सगळं छान होतं. कमळाची पानं बाजूला सरत होती आणि कुंतानं डोळे मिटले होते.

"कुंताबाई!" घाटावरून एकीनं हाक दिली. "तुमी तं राणी झाल्या जी!"

कुंतानं डोळे उघडले आणि पदर गुडघ्यावर ओढला.

"कुंताकाकू, आज बाजारात जात नाई का? माह्यासाठी झिंगे ठेवजा!"

"कुंते, उतरली का घराकडून जा, ताप भरला माह्या पोराले!"

पारीवर एक म्हातारा थांबून बघायला लागला. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे पुन्हा गोविंदाच. "कुंते, नीट धर. कुंते, पाय आत घे. कुंते, कसं वाटून राह्यलं? कुंते, आहे का नाई तसंच? कुंते?"

कुंता ट्यूबवरून खाली उतरली. चिखलात पाय रुतवत काठावर आली आणि पदर पिळत बसली. गोविंदा मागोमाग आला, चिडून.

"आता का झालं? तेच पानी, तेच ट्यूब. एक पैसा नाई लागला!"

"मले मालूम आहे इथलं पानी फुकट आहे," कुंता म्हणाली. "मी तिथी पानी इकत नाई घेत."

"मंग का घेते?"

ती लगेच बोलली नाही. घाटावरच्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"तिथी मले कोनी आवाज देत नाई. पायटेपासून रात होयपर्यंत कुंते, कुंताबाई, कुंताकाकू. झोपेत बी दचकतो मी. पैल्यांदा गेली ना, तवा त्या नालीत ट्यूबवर बसली आन फिरत राह्यली. दिवस बुडत आला तरी माहं नाव कोनी घेतलं नाई. तिथी कोनाले मालूमच नाई मी कोन आहो त. सालातून एक दिवस. त्याचे पैसे देतो मी. हजार झाले तरी देईन." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आन यंदा तुमी तिथी बी भोंग्यावर पुकारलं."

गोविंदाला वाटलं, कुणीतरी आपल्याला पाठमोरं उभं करून मागून काठी टेकवली आहे आणि उत्तर द्यायला आपल्याला नावच सुचत नाही. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. साऱ्या जगाच्या लबाड्या शोधत फिरला, आणि घरातल्या माणसाचा वर्षातला एकुलता एक दिवस त्यानंच खाल्ला होता, तोही चुन्याच्या डबीपायी. तो ट्यूब खांद्यावर टाकून घरी गेला. त्या दिवशी कोनाड्यातली डबी त्यानं स्वतः घेतली.

सुट्ट्या संपायच्या आधी तो तिला घेऊन पुन्हा निघाला. कुंता नको नको म्हणत होती. फलकावरचा भाव आणखी वाढला होता, सुट्टीचा म्हणून. गोविंदानं खोडलेला आकडा पाहिला, न खोडलेला पाहिला, दोन्हींना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि खिडकीत पैसे सरकवले.

"एक द्या."

"एकच, काका?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं. "नाव सांगा."

इतकी वर्षं त्यानं पारीवर नावं पुकारली होती. मेलेल्यांचीसुद्धा. हे नाव मात्र त्यानं कुठल्या वाट्याला कधी पुकारलं नव्हतं.

"कुंता पचारे," तो म्हणाला, हळू, खिडकीपुरतं.

कुंता आत गेली. वळणावर तिनं एकदा मागं पाहिलं. गोविंदा पिशवी मांडीवर घेऊन गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली बसला. भिंतीपलीकडं पाणी आपटत होतं, लोक किंचाळत होते. त्याचं मन काही एका दिवसात सुधारलं नव्हतं. कुणी तिला ओळखलं तर? ट्यूब फुटकी दिली तर? भाव सातशेच्या वर नेला ते ठीक, पण नाली तरी पूर्ण वेळ चालू ठेवतात का? कुणी बघून यायला हवं. तो दोनदा उठला आणि दोनदा बसला.

दुपारी तंबाखू तळहातावर घेतली, तेव्हा चुना सापडेना. पिशवीचा तळ चाचपला. भाकरी होती, चटणी होती, डबी नव्हती. कुंतानं कुठं ठेवली कोण जाणे. कोरडी तंबाखू तशीच हातात राहिली.

"भाऊ, तुमी तेच ना?" देवाजीनं ओळखलं. "बाई पुन्हा हरपली का? पुकारू का नाव?"

त्याच्या हातात माइक होता. बोट बटणावर.

"नको," गोविंदा घाईनं म्हणाला. "बिलकूल नको. कोनी मागितलं तरी तिचं नाव नको पुकारू."

देवाजीला काही कळलं नाही. खांदे उडवून तो आपल्या टेबलाशी गेला. गोविंदानं तंबाखू पुडीत परत टाकली, एकेक कण झाडून, आणि पाठ झाडाला टेकवली.

ऊन कलायला लागलं तेव्हा आतलं गाणं एकाएकी थांबलं आणि भोंगा खरखरला. गोविंदा ताडकन उठून उभा राहिला.

नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. तो पुन्हा खाली बसला.